थोरियम नायट्रेट : गुणधर्म, निर्मिती आणि वय

भिलाईतील खुर्सीपार ही पोलाद कारखान्याच्या परिसरातील वस्ती. अशा औद्योगिक वस्तीतील एखाद्या कार्यशाळेत आर्गॉन वायूच्या आवरणाखाली स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग चालू असेल, तर कारागिराच्या हातातील उपकरणात टंगस्टन धातूची एक बारीक कांडी बसविलेली असते. तिच्या टोकाला लाल रंगाची खूण असली, तर त्या टंगस्टनमध्ये वजनाने सुमारे २ टक्के थोरियम डायऑक्साइड मिसळलेले आहे असे समजावे. या ऑक्साइडामुळे तापलेल्या टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन सुलभतेने बाहेर पडतात, विद्युत् ज्योत चटकन पेटते व स्थिर राहते, आणि कांडीचे टोकही लवकर झिजत नाही.

दुसरी वस्तू याहून जुनी व अधिक परिचयाची आहे. खेडोपाडी वीज पोहोचण्यापूर्वी लग्नाच्या वराती, रात्रीची कीर्तने आणि तमाशाचे फड ज्या गॅसबत्तीच्या उजेडात रंगत, तिच्या काचेआड एक पांढरीशुभ्र, हात लागताच भुगा होणारी जाळी असे. ती जाळीही जवळजवळ संपूर्णपणे थोरियम डायऑक्साइडचीच असे.

टंगस्टनची कांडी व गॅसबत्तीची जाळी या दोहोंत थोरियम डायऑक्साइड आणले जाते ते एकाच पदार्थाच्या मार्गाने. टंगस्टन ऑक्साइडाची भुकटी ज्या द्रावणात भिजवितात आणि जाळीचे सुती किंवा रेयॉनचे विणकाम ज्या द्रावणात बुडवितात, ते द्रावण थोरियम नायट्रेट या लवणाचे असते. दिसण्यात हे लवण साध्या मिठासारखे पांढरे आहे. परंतु ते एका किरणोत्सर्गी धातूचे लवण असल्यामुळे त्याच्या ठिकाणी एक असा गुण येतो, जो साध्या मिठाच्या ठिकाणी कधीही आढळत नाही : या लवणाला वय असते. बरणीत बंद करून ठेवलेले थोरियम नायट्रेट रासायनिक दृष्ट्या तेच राहते, पण किरणोत्सर्गाच्या दृष्टीने ते वर्षागणिक बदलत जाते. या लवणाची घटना, गुणधर्म व निर्मिती पाहताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

मूलद्रव्याचा परिचय

नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर सापडलेले काळे, जड खनिज १८२८ मध्ये स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्याकडे तपासणीसाठी आले. त्यात त्यांना एक नवे मूलद्रव्य आढळले. उत्तर युरोपातील पुराणकथांत मेघगर्जनेचा देव म्हणून ‘थॉर’ प्रसिद्ध आहे. त्याच्या नावावरून बर्झेलियस यांनी या मूलद्रव्यास थोरियम हे नाव दिले. थोरियमचा अणुक्रमांक ९० व अणुभार सुमारे २३२ आहे. पृथ्वीच्या कवचात ते युरेनियमच्या तीन ते चार पट आढळते.

पुढे सत्तर वर्षेपर्यंत थोरियम हे इतर धातूंसारखेच एक मूलद्रव्य मानले जात होते. १८९८ मध्ये जर्मनीत गेरहार्ट श्मिट यांनी व पॅरिसमध्ये मारी क्यूरी यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, युरेनियमप्रमाणे थोरियममधूनही अदृश्य किरण बाहेर पडतात. निसर्गात सापडणारे थोरियम जवळजवळ पूर्णतः २३२ या वस्तुमानांकाच्या एकाच समस्थानिकाचे असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०५ कोटी वर्षे आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे पृथ्वीच्या जन्माच्या वेळी असलेल्या थोरियमपैकी सुमारे एक पंचमांशच आजवर नष्ट झाले आहे, हे उघड होते. तथापि एक ग्रॅम थोरियममध्ये अणूंची संख्या इतकी प्रचंड असते की, क्षय इतका मंद असूनही त्यात दर सेकंदास सुमारे ४,००० अणूंचे विघटन होतच असते.

नायट्रेटच का?

थोरियमची क्लोराइड, सल्फेट, फ्ल्युओराइड, ऑक्झॅलेट अशी अनेक लवणे ज्ञात आहेत. मग व्यापारात व प्रयोगशाळेत नायट्रेटालाच अग्रस्थान का मिळाले? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण विद्राव्यतेचे. थोरियमचे फ्ल्युओराइड व ऑक्झॅलेट पाण्यात विरघळत नाहीत. नायट्रेट मात्र पाण्यात अतिशय सहज विरघळते; अल्कोहोलातही विरघळते. कापडाचा प्रत्येक धागा सारखा भिजवावयाचा असेल, किंवा एखाद्या भुकटीच्या कणाकणांत थोरियम पोहोचवावयाचे असेल, तर असे संपृक्त व स्वच्छ द्रावण देणारे लवणच हवे.

दुसरे कारण उष्णतेने होणाऱ्या विघटनाचे. नायट्रेट तापविले असता प्रथम स्फटिकजल निघून जाते, मग नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे तपकिरी वायू बाहेर पडतात, आणि ५०० अंश सेल्सियसच्या आसपास तापविल्यावर मागे केवळ पांढरे थोरियम डायऑक्साइड उरते. धातूखेरीज जे काही होते ते सर्व वायुरूपाने निघून गेल्यामुळे दुसरा कोणताही अवशेष राहत नाही.

तिसरे कारण शुद्धीकरणाचे. ट्रायब्युटिल फॉस्फेट या कार्बनी द्रवात थोरियम नायट्रेट शिरते, परंतु त्याच्याबरोबर येणारी बहुतेक इतर लवणे पाण्यातच मागे राहतात. या गुणाचा उपयोग पुढे निर्मितीच्या प्रकरणात दिसून येईल.

घटना व गुणधर्म

थोरियम नायट्रेटात थोरियमचा आयन चार धन विद्युत् भारांचा असतो आणि त्या भारांचे संतुलन प्रत्येकी एक ऋण भार असलेले चार नायट्रेट आयन करतात. जलीय द्रावणातून मिळणाऱ्या नेहमीच्या स्फटिकांत एका थोरियम अणूमागे पाण्याचे पाच रेणू असतात. चार रेणू असलेले स्फटिकही मिळतात. थोरियमचा आयन आकाराने मोठा व भाराने प्रबळ असल्यामुळे तो आपल्याभोवती ऑक्सिजनाच्या अणूंची दाटी करतो. पाच जलरेणू असलेल्या स्फटिकाची क्ष-किरणांनी तपासणी केली असता असे दिसते की, चारही नायट्रेट गट प्रत्येकी दोन ऑक्सिजन अणूंनी थोरियमला बिलगलेले असतात आणि पाण्याचे तीन रेणूही त्यास लागून असतात. अशा रीतीने एका थोरियमभोवती अकरा ऑक्सिजन अणू येतात. उरलेले दोन जलरेणू स्फटिकाच्या रचनेत निव्वळ जागा भरून राहतात. म्हणून या लवणास आयनी संयुग म्हणताना, त्याची ठेवण सोडियम क्लोराइडासारखी साधी नाही, हेही सांगितले पाहिजे.

स्फटिक रंगहीन किंवा पांढरे असतात. युरेनियमच्या नायट्रेटास पिवळा-हिरवट रंग असतो. थोरियमच्या आयनात रंग उत्पन्न करणारे इलेक्ट्रॉन उरलेले नसल्यामुळे त्याचे शुद्ध लवण रंगहीन असते. दमट हवेत ते पाणी शोषून चिघळते, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे लागते. पाण्यातील द्रावण अम्लधर्मी असते, कारण थोरियम आयन पाण्याच्या रेणूंतून हायड्रोजन आयन मोकळे करतो. द्रावणाची अम्लता कमी होऊ दिली, तर तो पाण्याशी अधिकाधिक संयोग पावून शेवटी हायड्रॉक्साइडाच्या रूपाने खाली बसू लागतो. यासाठी द्रावणात थोडे नायट्रिक अम्ल राखण्याचा प्रघात आहे.

या द्रावणाच्या काही विक्रिया ओळखपरीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. अमोनिया मिसळताच थोरियम हायड्रॉक्साइडाचा पांढरा, चिकट अवक्षेप मिळतो. ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडाप्रमाणे तो जादा दाहक सोड्यात विरघळत नाही. ऑक्झॅलिक अम्लाने मिळणारा ऑक्झॅलेटचा अवक्षेप अम्लयुक्त द्रावणातही टिकतो, परंतु अमोनियम ऑक्झॅलेट भरपूर घातल्यास विरघळतो. पोटॅशियम आयोडेटाने मिळणारा अवक्षेप तर तीव्र नायट्रिक अम्लातही टिकून राहतो, आणि त्यामुळे थोरियम हे विरल मृत्तिकांपासून वेगळे काढता येते.

पाच जलरेणू असलेल्या थोरियम नायट्रेटाचा रेणुभार सुमारे ५७० व त्यापासून मिळणाऱ्या डायऑक्साइडाचा २६४ आहे. म्हणजे एक किलोग्रॅम लवण भाजले असता सुमारे ४६३ ग्रॅम ऑक्साइड मिळते. स्फटिकातील पाण्याचे प्रमाण कमीअधिक होत असल्यामुळे या लवणाची प्रत ठरविताना त्यापासून शेकडा किती ऑक्साइड मिळते, हेच पाहिले जाते.

थोरियम डायऑक्साइड सुमारे ३,३०० अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही. व्हिएन्नाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये गॅसबत्तीच्या जाळीचे पहिले पेटंट घेतले, तेव्हा त्यांनी वेगळी ऑक्साइडे वापरली होती. तिचा प्रकाश हिरवट व मंद पडे. १८९१ मध्ये त्यांनी ९९ भाग थोरियम डायऑक्साइड व १ भाग सीरियम डायऑक्साइड हे मिश्रण निश्चित केले. पहिल्यांदा पेटविताच कापड जळून जाते, नायट्रेटाचे ऑक्साइड होते, आणि धाग्यांची वीण जशीच्या तशी राहिलेला ऑक्साइडाचा सांगाडा शिल्लक राहतो. हाच सांगाडा ज्योतीत शुभ्र तेजाने प्रकाशतो.

वाळूपासून लवणापर्यंत

जाळ्यांचा धंदा भरभराटीस आला तसा थोरियमचा शोध जगभर सुरू झाला. १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञास त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे खनिज आढळले. त्या प्रदेशातून परदेशी जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या पिवळसर, जड कणांवरून या शोधाची दिशा मिळाली, असे सांगतात. त्यानंतर कित्येक वर्षे भारतातील मोनाझाइट कच्च्या स्वरूपातच युरोप व अमेरिकेकडे जात राहिले. वाळू येथील, आणि तिच्यापासून लवण व जाळी तयार करण्याची विद्या मात्र परदेशातील, अशी ती स्थिती होती.

स्वातंत्र्यानंतर ही स्थिती पालटण्याचे प्रयत्न झाले. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाची स्थापना झाली. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था निघाली व डिसेंबर १९५२ मध्ये केरळातील आल्वाये येथे मोनाझाइटावर प्रक्रिया करणाऱ्या तिच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. तेथे वेगळे काढलेले थोरियम शुद्ध करून त्याचे नायट्रेट बनविण्याचा कारखाना मुंबईतील तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे, येथे १९५५ मध्ये सुरू झाला. ज्या वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेच हे वर्ष. ‘अप्सरा’ ही भारतातील पहिली अणुभट्टी तुर्भे येथे कार्यान्वित होण्यास तेव्हा आणखी एक वर्ष अवकाश होता.

मोनाझाइट हे मुख्यत्वे विरल मृत्तिकांचे फॉस्फेट आहे. भारतीय मोनाझाइटात विरल मृत्तिकांची ऑक्साइडे सुमारे ६० टक्के, थोरियम डायऑक्साइड सुमारे ९ टक्के व अल्प प्रमाणात युरेनियम असते. म्हणजे १०० किलोग्रॅम मोनाझाइटातील सर्व थोरियम हाती लागले, तर त्यापासून सुमारे १९ किलोग्रॅम नायट्रेट मिळू शकेल. निर्मितीचे टप्पे स्थूलमानाने पुढीलप्रमाणे सांगता येतात.

पहिला टप्पा खनिज फोडण्याचा. बारीक दळलेले मोनाझाइट दाहक सोड्याच्या तीव्र व उष्ण द्रावणात शिजविले जाते. फॉस्फेटाचा भाग सोडियम फॉस्फेट होऊन पाण्यात उतरतो व वेगळा काढून उपयोगात आणला जातो. थोरियम, युरेनियम व विरल मृत्तिका हायड्रॉक्साइडांच्या रूपाने गाळात राहतात.

दुसरा टप्पा विरल मृत्तिका वेगळ्या करण्याचा. येथे अम्लतेवरील नियंत्रण हीच खरी कळ आहे. गाळात हायड्रोक्लोरिक अम्ल बेताने मिसळले, तर विरल मृत्तिका क्लोराइडे होऊन विरघळतात. थोरियम हायड्रॉक्साइडास विरघळण्यासाठी अधिक अम्ल लागत असल्यामुळे ते मागे राहते. अम्ल थोडे जास्त पडले तर थोरियमही वाहून जाते, आणि कमी पडले तर विरल मृत्तिका थोरियमबरोबर राहतात.

तिसरा टप्पा शुद्धीकरणाचा. थोरियम हायड्रॉक्साइड नायट्रिक अम्लात विरघळविले म्हणजे अशुद्ध थोरियम नायट्रेटाचे द्रावण मिळते. ट्रायब्युटिल फॉस्फेट केरोसीनमध्ये मिसळून त्याच्याशी हे द्रावण घुसळले जाते. युरेनियमची या द्रवाकडील ओढ अधिक असल्यामुळे प्रथम विरल मिश्रण वापरून युरेनियम काढून घेतात. नंतर अधिक तीव्र मिश्रणाने थोरियम उचलतात. उरलेल्या विरल मृत्तिका पाण्याच्या थरात राहतात. शेवटी कार्बनी थर शुद्ध पाण्याशी घुसळला की थोरियम नायट्रेट पुन्हा पाण्यात उतरते. हे द्रावण आटवून थंड केले असता स्फटिक मिळतात.

जाळीसाठी लागणारे लवण व अणुभट्टीसाठी लागणारे लवण यांच्या शुद्धतेत मोठा फरक आहे. जाळीत सीरियम मुद्दामच मिसळावयाचे असते. अणुभट्टीच्या इंधनात मात्र गॅडोलिनियम, समॅरियम यांसारख्या विरल मृत्तिका दशलक्ष भागांत काही थोडे भाग असल्या तरी त्या न्यूट्रॉन गिळून टाकतात. म्हणून तेथे शुद्धीकरण पुन्हा पुन्हा करावे लागते.

लवणाचे वय

येथवर वर्णिलेली शुद्धता ही रासायनिक शुद्धता होय. तिच्या कसोटीस शंभर टक्के उतरलेले थोरियम नायट्रेटही किरणोत्सर्गाच्या दृष्टीने शुद्ध राहत नाही, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी याच लवणाने शास्त्रज्ञांना शिकविली.

कॅनडातील माँट्रियल येथे रदरफर्ड व त्यांचे तरुण सहकारी सॉडी यांनी थोरियम नायट्रेटाच्या द्रावणात अमोनिया मिसळून थोरियम खाली बसविले. गाळून घेतलेल्या निवळीत थोरियम नव्हते. तरीही ती आटवून मिळालेला किंचित अवशेष तीव्र किरणोत्सर्गी होता. त्यास त्यांनी ‘थोरियम-एक्स’ असे नाव दिले. खाली बसलेल्या थोरियमचा किरणोत्सर्ग मात्र बराच घटला होता. १९०१ च्या नाताळच्या सुट्टीनंतर हेच दोन नमुने पुन्हा तपासले, तेव्हा थोरियम-एक्स निस्तेज झाले होते आणि थोरियमने आपले गेलेले तेज पुन्हा मिळविले होते. एकाचा ऱ्हास व दुसऱ्याची भरपाई एकाच गतीने, सुमारे चार दिवसांत निम्मी, होत होती. यावरून एका मूलद्रव्याचे अणू आपोआप दुसऱ्या मूलद्रव्याच्या अणूंत रूपांतरित होतात, हा निष्कर्ष त्यांनी १९०२ मध्ये मांडला. अणू अविनाशी आहे ही शतकभराची समजूत येथे संपुष्टात आली.

पुढे ऑटो हान यांनी १९०५ मध्ये रेडिओथोरियम व १९०७ मध्ये मेसोथोरियम शोधून काढले. निरनिराळ्या वर्षी तयार झालेले थोरियमचे नमुने उत्पादकाकडून मिळवून त्यांनी त्यांची तुलना केली, तेव्हा त्यांचा किरणोत्सर्ग वयानुसार भिन्न असल्याचे दिसून आले. त्याचे स्पष्टीकरण असे :

थोरियम-२३२ च्या क्षयातून रेडियम-२२८ निर्माण होते, हेच मेसोथोरियम. त्याचे अर्धायुष्य सुमारे पावणेसहा वर्षे आहे. त्यापासून अल्पायुषी ॲक्टिनियममार्गे थोरियम-२२८, म्हणजे रेडिओथोरियम, होते. त्याचे अर्धायुष्य १.९ वर्षे. त्यानंतर रेडियम-२२४, म्हणजेच थोरियम-एक्स, व त्यापासून थोरॉन हा वायू उत्पन्न होतो. थोरॉनचे अर्धायुष्य अवघे ५६ सेकंद आहे. पुढे पोलोनियम, शिसे, बिस्मथ व थॅलियम यांचे काही अल्पायुषी समस्थानिक होऊन, शेवटी शिशाच्या २०८ या स्थिर समस्थानिकापाशी ही परंपरा थांबते.

खनिजात ही सारी वंशावळ कोट्यवधी वर्षे एकत्र नांदत असल्यामुळे प्रत्येक पिढीचा किरणोत्सर्ग सारखाच असतो. कारखान्यात नायट्रेट तयार करताना रेडियम वेगळे होऊन जाते. थोरियम-२२८ मात्र वेगळे होत नाही, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते थोरियमच आहे. आता त्याचा क्षय चालू राहतो. पण त्याची भर घालणारे रेडियम उरलेले नसते. परिणामी पहिली काही वर्षे थोरियम-२२८ चा किरणोत्सर्ग घटत जातो. हिशेब केला असता, सुमारे साडेचार वर्षांनी तो मूळच्या ४२ टक्क्यांपर्यंत उतरतो असे दिसते. दरम्यान नवे रेडियम-२२८ सावकाश साठत असते. तेथून पुढे किरणोत्सर्ग पुन्हा चढू लागतो व तीस वर्षांनी मूळच्या ९५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणून थोरियम नायट्रेटाची एखादी बरणी किती किरणोत्सर्गी आहे, हे केवळ तिच्या वजनावरून सांगता येत नाही. ती कधी शुद्ध केली गेली, हेही ठाऊक असावे लागते.

हाताळणी व दक्षता

थोरियम-२३२ मधून निघणारे आल्फा कण त्वचेच्या बाह्य थरातच अडतात. हातात धरलेल्या कांडीपासून किंवा टांगलेल्या जाळीपासून होणारा अपाय म्हणूनच नगण्य असतो. धोका आहे तो थोरियम शरीराच्या आत जाण्याचा. श्वासाबरोबर किंवा अन्नाबरोबर गेलेले थोरियम फुफ्फुसे, यकृत व हाडे यांत वर्षानुवर्षे टिकून राहते, आणि तेथे आल्फा कणांना अडविणारी त्वचा नसते.

याचा दारुण अनुभव वैद्यकशास्त्राने घेतला आहे. ‘थोरोट्रास्ट’ या नावाचे थोरियम डायऑक्साइडाचे द्रव औषध सुमारे १९३० पासून क्ष-किरण चित्रांत रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून दिले जाई. ते टोचल्यावर रुग्णास लगेच काहीच त्रास होत नसे, आणि हीच त्याची निर्धोकता मानली गेली. वीसतीस वर्षांनी अशा रुग्णांत यकृताचा कर्करोग व रक्ताचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळू लागला. तोवर यकृतात साठलेले थोरियम बाहेर काढण्याचा मार्ग उरला नव्हता.

यावरून काही साधे नियम निघतात. थोरियमयुक्त टंगस्टनची कांडी वेल्डिंग करताना फारशी झिजत नाही. परंतु तिचे टोक ग्राइंडरवर घासून अणकुचीदार करताना जी बारीक धूळ उडते ती श्वासात जाता कामा नये. धूळ शोषून घेणारी यंत्रणा व तोंडावर योग्य मुखवटा हवा; पडलेली धूळ फुंकर मारून किंवा कोरड्या झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी; आणि जेवणापूर्वी हात धुवावेत. लॅन्थॅनम किंवा सीरियमचे ऑक्साइड मिसळलेल्या कांड्या आता उपलब्ध आहेत. त्या वापरल्या तर हा प्रश्नच उद्भवत नाही. गॅसबत्तीची थोरियमयुक्त नवी जाळी पहिल्यांदा पेटविताना रेडियम व शिसे यांचा काही अंश धुरावाटे बाहेर पडतो, म्हणून ती मोकळ्या हवेत पेटवावी, व तुटलेल्या जाळीचा भुगा मुलांच्या हाती लागू देऊ नये. अनेक देशांत अशा जाळ्यांसाठी आता थोरियमऐवजी यट्रियम वापरतात.

खुद्द नायट्रेटासंबंधी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ते प्रबळ ऑक्सिडीकारक असल्यामुळे कागद, भुसा, कापूस यांसारख्या ज्वालाग्राही वस्तूंजवळ ठेवू नये. तसेच त्यातून थोरॉन वायू सतत उत्पन्न होत असल्यामुळे, साठवणीच्या खोलीत हवा खेळती असणे आवश्यक आहे. भारतात थोरियमची संयुगे अणुऊर्जाविषयक कायद्याच्या नियंत्रणात येतात, आणि किरणोत्सर्गापासूनच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्यासाठी १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली.

अणुभट्टीच्या वाटेवर

थोरियम स्वतः अणुभट्टीचे इंधन होऊ शकत नाही. न्यूट्रॉन शोषल्यावर मात्र त्याचे प्रथम प्रोटॅक्टिनियम व मग युरेनियम-२३३ होते, आणि हे युरेनियम विखंडनक्षम आहे. भारतात युरेनियमचे साठे बेताचे व थोरियमचे विपुल, हे जाणून डॉ. होमी भाभा यांनी १९५४ मध्ये जो तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला, त्याचा अंतिम टप्पा थोरियमवर आधारलेला होता. १९७० मध्ये तुर्भे येथे न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या थोरियममधून युरेनियम-२३३ वेगळे काढण्यात आले. १९८४ मध्ये तेथेच कार्यान्वित झालेल्या ‘पूर्णिमा-२’ या लहान प्रायोगिक अणुभट्टीत याच युरेनियमच्या नायट्रेटाचे द्रावण इंधन म्हणून वापरले होते. कल्पाक्कम येथील ‘कामिनी’ ही अणुभट्टी १९९६ मध्ये युरेनियम-२३३ वर चालू झाली. थोरियमवर वीज निर्माण करणाऱ्या मोठ्या केंद्रांपर्यंतची वाट मात्र या लहान भट्ट्यांपेक्षा पुष्कळ लांबची आहे.

त्या वाटेवरील अडचणींपैकी एक या लवणाच्या वयाशीच निगडित आहे. युरेनियम-२३३ बरोबर अल्प प्रमाणात युरेनियम-२३२ तयार होते. त्याच्या क्षयातून थोरियम-२२८ जन्मास येते, आणि पुन्हा तीच वंशावळ सुरू होते. तिच्या अखेरीस येणाऱ्या थॅलियम-२०८ मधून अत्यंत भेदक गॅमा किरण निघतात. नुकतेच शुद्ध केलेले युरेनियम-२३३ हाताळणे तुलनेने सोपे असते. ते ठेवून दिले तर दिवसेंदिवस अवघड होत जाते व शेवटी जाड भिंतीआडून, यंत्रांच्या साहाय्यानेच हाताळावे लागते.

अशा रीतीने गॅसबत्तीची जाळी, वेल्डिंगची कांडी व अणुभट्टीचे इंधन या तिन्ही ठिकाणी एकच नियम लागू पडतो. रसायनशास्त्रज्ञ एखादे लवण शुद्ध करू शकतो; किरणोत्सर्गी धातूच्या लवणाची ही शुद्धता मात्र त्या दिवसापुरती असते. म्हणून थोरियम नायट्रेटाच्या बरणीवरील चिठ्ठीत लवणाचे नाव, ऑक्साइडाचे प्रमाण व वजन यांच्या जोडीस शुद्धीकरणाची तारीखही नमूद असावी. पुढे कित्येक वर्षांनी ती बरणी ज्याच्या हाती येईल, त्याला आपण काय उघडत आहोत हे त्या तारखेवरूनच कळेल.